माडीच्या सागवानी जमिनीची निगा

वाईच्या आमच्या घराची माडी सागवानी फळ्यांची आहे. खाली तुळया, वर फळ्या, मध्ये काही नाही; वर सांडलेलं पाणी फटींतून थेट स्वयंपाकघरात उतरतं. म्हणून नवीन कुणी कामाला आलं की मी पहिलं हेच सांगते: वर बादली न्यायची नाही.

रोजचा केर मऊ झाडूनं, फळ्यांच्या लांबीच्या दिशेनं काढावा. पॉलिश खरवडतं ते पायाखाली घासल्या जाणाऱ्या बारीक वाळूनं, तेव्हा जिन्याच्या तोंडाशी काथ्याचं पायपुसणं हवंच. कपाट, खुर्च्या यांच्या पायांना नमदा चिकटवा. आठवड्यातून एकदा सुती फडकं घट्ट पिळून पुसा, इतकं घट्ट की मिनिटभरात जमीन कोरडी दिसावी. फिनाईल, सोडा, व्हिनेगर यांतलं काही लागत नाही.

डाग काढायच्या आधी जमिनीवर कसलं पॉलिश आहे ते ओळखा. कपाटाखालच्या कोपऱ्यात स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस टेकवा. चिकट झालं तर ते लाखेचं, म्हणजे सुतार ज्याला चपड्याचं पॉलिश म्हणतात ते. त्यावर सॅनिटायझर सांडू देऊ नका, त्यातलं अल्कोहोल ते विरघळवतं. ओल्या तांब्याची पांढरी कडी उमटली तर लगेच घासू नका. हवा कोरडी असेल तर पुष्कळदा ती आपोआप फिकी होते. लोखंडी खिळ्याभोवतीचा काळा डाग मात्र ओलीमुळे लोखंड आणि लाकडातलं टॅनिन एकत्र येऊन पडतो. तो दिसला की पाणी कुठून येतंय ते शोधा, बहुतेक कौल सरकलेलं असतं.

आता फटींबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. मे महिन्यात फळ्या आकसतात, फटी रुंदावतात आणि घरातल्या कुणाला तरी त्या लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवायची हुक्की येते. बुजवू नका. लाकूड पावसाळ्यात दमट हवा शोषून रुंदीच्या बाजूनं फुगतं. तेवढी जागा त्याला लागते. फट भरली असेल तर लांबी चुरा होऊन बाहेर पडते, नाहीतर फळीची कड उचलते. श्रावणात एखादी फळी करकरली किंवा दार घासायला लागलं तरी लगेच रंधा मारू नये, थंडीपर्यंत थांबावं. पाऊस कोसळत असताना खिडक्या लावा, उघडीप झाली की सगळ्या सताड उघडा.

पॉलिश नसलेल्या कोरड्या फळ्यांना दिवाळीनंतर, हवा सुकली की, जवसाचं उकळलेलं तेल (दुकानात ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’ म्हणून मिळतं ते) द्यावं. खोबरेल किंवा गोडंतेल नको. ते वाळत नाही, नुसती धूळ धरतं. जवसाचा हात अगदी पातळ द्या, अर्ध्या तासानं वर राहिलेलं सगळं पुसून घ्या आणि दोन दिवस वर चालू नका. पॉलिशवर हे तेल मुरत नाही, तिथे देऊच नये.

तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, आणि गुंडाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. लाकडी माडीत तर हा धोका पत्करायचाच नाही. ते अंगणात उलगडून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

वाळवीसाठी जमीन खालून बघा. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण फळीच्या कडेचा फिकट, पांढुरका भाग तिला चालतो. तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे मातीची नळी दिसते का ते दर पावसाळ्यानंतर बॅटरी घेऊन तपासा.