तारवाद्य शिकणाऱ्या मुलांसाठी वार्तापत्र आणि बक्षिसं

पंचवटीत मी सतार आणि व्हायोलिन शिकवते. वार्तापत्र एकाच पानाचं आणि छापील ठेवा, म्हणजे ते रियाजाच्या जागी भिंतीवर लागतं. ऋतूचं काम सगळ्यात वर लिहा. आषाढात दमट हवेनं खुंट्या फुगून अडकतात, पोलादी तारा गंजतात. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या मऊ कापडानं पुसायला सांगा. खाली एखादी माहिती द्या. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढली आणि पुढे ते आपल्या नाशकात राहिले, हे आमच्या मुलांना कळायलाच हवं.

बक्षीस मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून द्या आणि ते वापरात येणारं असावं: सतार वाजवायची नखी, व्हायोलिनच्या गजाला लावायचं रोझिन, तारांचा संच. पण व्हायोलिन अर्धं, पाऊण की पूर्ण, हे आधी विचारा. चुकीच्या मापाच्या तारा नीट बसत नाहीत. चिठ्ठीसाठी पैसे अजिबात घेऊ नका. यमन रागाचे पलटे, म्हणजे सरावाच्या स्वररचना, घरच्यांना ऐकवायचे आणि त्यांची सही आणायची, एवढीच अट. नवशिके आणि परीक्षेला बसलेले, सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात टाका, नाहीतर तीच ती मुलं जिंकतात. चिठ्ठी सर्वांसमोर सगळ्यात लहान विद्यार्थ्याकडून काढून घ्या. विजेत्याचं नाव पालकांना विचारूनच पुढच्या अंकात छापा.