मायफळाच्या गुळण्या: ओकच्या गाठीचा काढा काळा होऊ न देता कसा करावा

काष्ठौषधीच्या दुकानात घाईघाईत 'मायफळ द्या' म्हणालात, तर पुडीत जायफळ बांधून मिळायची शक्यता बरीच. त्यामुळे पुडी तिथेच उघडून वास घ्या. जायफळाचा वास लपत नाही, मायफळाला वासच नसतो. मायफळ बोराएवढं, दगडासारखं कठीण, अंगावर बारीक उंचवटे आणि रंग राखाडी-हिरवट ते निळसर काळा.

नावात फळ असलं तरी ही ओकच्या झाडावरची गाठ आहे. ओकचं खरं फळ वेगळं, टोपी घातल्यासारखं दिसणारं. गांधीलमाशीच्या नात्यातली एक चिमुकली माशी ओकच्या कोवळ्या डोळ्यात अंडं घालते, झाड त्या अंड्याभोवती गाठ धरतं, अळी आत वाढते आणि माशी झाली की भोक पाडून निघून जाते. हा ओक आपल्याकडे होत नाही. माल येतो तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराणकडच्या डोंगरांतून, आणि युरोपातले व्यापारी त्याला अलेप्पो शहराच्या नावानंच ओळखत. उत्तराखंडातला बांज हा ओकचाच भाऊबंद, पण ही गाठ त्याची नव्हे.

आपल्या घरांत ओक शिरला तो बाळगुटीतून. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, सुंठ यांच्या रांगेत मायफळाचाही एखादा वेढा सहाणेवर पडायचा. गुटीबद्दल माझं मत खाली सांगते, ते सगळ्यांना आवडणार नाही. हा लेख मोठ्या माणसांच्या गुळण्यांचा आहे: तोंड आलंय, हिरड्या सुजल्यात किंवा घसा खवखवतोय, त्यासाठी.

निवड

भोक नसलेलं, गडद, हाताला जड लागणारं मायफळ घ्या. भोक पडलेलं म्हणजे माशी निघून गेलेली. ते फिकट, हलकं आणि गुणाला कमी. आपल्याला हवं असतं ते टॅनिन, म्हणजे तुरटपणा, आणि चांगल्या मायफळात वजनाच्या निम्म्याहून जास्त तेच असतं.

बिनभोकाच्या गाठींना युरोपात आणखी एक भाव होता. सोळाव्या शतकातल्या तिकडच्या वनौषधींच्या पोथ्यांत लिहिलंय, की गाठ फोडून आत काय आहे ते बघावं. माशी निघाली तर युद्ध, सरपटती अळी निघाली तर धान्याची टंचाई, पळता कोळी निघाला तर रोगराई. चांगलं काही निघायची सोयच ठेवलेली नाही. मी आजवर फोडलेल्या मायफळांत बहुतेक वेळा वाळून कोळ झालेली माशीच निघाली आहे. तेव्हा युद्धाचं खापर माझ्यावर फोडायला हरकत नाही.

फोडणं

एका वेळेला एक मध्यम मायफळ, वजन करायचं तर साधारण चार ग्रॅम. जाड कापडात गुंडाळून दगडी खलात चार-पाच तुकडे होतील इतकंच फोडा. पूड करू नका. लोखंडी खलबत्ता वापरू नका. का, ते आता सांगते, कारण या एका गोष्टीनं माझे तीन काढे वाया घालवले.

उकळणं, आणि तो काळा कसा होतो

बाकी सगळे 'मायफळ पाण्यात उकळून गुळण्या करा' एवढं एक वाक्य लिहून मोकळे होतात. ते वाचून मी पहिल्यांदा काढा केला तो लोखंडी कढईत. धुतलेली तीच होती, आणि शिवाय लोखंडाच्या भांड्यात केलेलं चांगलं असतं असं आपण सगळेच ऐकत आलेलो. पाच मिनिटांत पाणी जांभळं झालं, दहा मिनिटांत शाईसारखं निळंकाळं. मला वाटलं, अर्क उतरला! कौतुकानं गुळणी केली. ओठ, दात आणि जिभेचा शेंडा काळा, बेसिनमध्ये काळा ओघळ, आणि खांद्यावरच्या पांढऱ्या टॉवेलवर पडलेला डाग अजून आहे. चवीला गंजक्या खिळ्याला जीभ लावल्यासारखं.

तो काढा म्हणजे शाईच होती. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळाभोर रंग तयार होतो. युरोपात शेकडो वर्षं कागदपत्रं याच शाईनं लिहिली गेली: मायफळ, हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि डिंक. उत्तरेत आणि दख्खनेत बायका दात काळे करायला मिस्सी लावायच्या, तिच्यातही मायफळ आणि लोखंडाचा कीस असे. म्हणजे मी एका गुळणीत शाई आणि मिस्सी दोन्ही करून बसले होते.

दुसऱ्यांदा स्टीलचं पातेलं घेतलं. काढा परत जांभळट. या वेळी काळा नाही, पण पावसाळी ढगासारखा. दोष पाण्यावर ढकलला, कारण आमच्याकडे बोअरचं पाणी आणि त्यात लोह इतकं की बादलीच्या तळाला तांबूस थर बसतो. तिसऱ्यांदा गाळलेलं पिण्याचं पाणी, स्टीलचं पातेलं, स्टीलचा चमचा. तरीही जांभळी झाक! त्या दिवशी मी स्वयंपाकघरातली एकेक वस्तू उचलून बघितली. शेवटी हातात आला तो सासूबाईंचा लोखंडी खलबत्ता. मायफळ इतकं कठीण, की कुटताना बत्त्याचं लोखंड खरवडून पुडीत उतरत होतं. डोळ्याला दिसत नव्हतं. पुडीत चमचाभर पाणी घातलं आणि दहा मिनिटांत कडेनं जांभळ्या रेघा फुटल्या.

तेव्हापासूनचे माझे नियम ठाम आहेत. भांडं स्टीलचं, कल्हई शाबूत असलेलं पितळेचं किंवा मातीचं. पाणी पिण्याचं, गाळलेलं. खल दगडी. ढवळायला लाकडी किंवा स्टीलचा चमचा. गाळायला कापड, कारण जुन्या गाळणीच्या जाळीला गंज चढलेला असतो. आणि रंगाची परीक्षा: बरोबर जमलेला काढा कोऱ्या चहासारखा पिवळसर तपकिरी दिसतो. निळसर, जांभळट, करडी झाक आली तर वाद न घालता ओतून द्या. कुणी सांगितलं 'काळा झाला म्हणजे गुण उतरला', तर त्याच्याकडून स्वयंपाकाचाही सल्ला घेऊ नका.

आता प्रमाण. एका मायफळाला दोन पेले, म्हणजे सुमारे ४०० मिली पाणी. तुकडे गार पाण्यात टाकून मंद आचेवर ठेवा, उकळी फुटली की आच आणखी बारीक करून पंधरा मिनिटं. खळाखळा उकळून अर्धं करू नका. आपल्याला काढा म्हटलं की आटवायची सवय असते, आणि ती इथे नडते. मी एकदा पाव पेल्यापर्यंत आटवला होता. गुळणी करताच गालांची आतली कातडी सुरकुतली आणि पुढचा तासभर तोंडात कागद कोंबल्यासारखं झालं. आधीच आलेल्या तोंडाला हा अत्याचार आहे. तुरटपणा म्हणजे कातडीच्या वरच्या थरातली प्रथिनं आकसणं. थोडं आकसलं की सूज आणि ठणका कमी होतो, जास्त आकसलं की तीच कातडी सोलते.

जोर बघायला गार झालेल्या काढ्याचा एक थेंब जिभेवर ठेवा. कच्च्या पेरूची साल चावल्यावर होतं तेवढं व्हायला हवं. कोवळा काजूचा बोंडू खाल्ल्यासारखं घशाला बसलं तर तेवढंच पाणी आणखी घाला. जीभ खरखरीत झाली पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे.

पूड का नको, तेही याच टप्प्यावर कळतं. पूड उकळली की तळाला चिकट गाळ बसतो, कापडातून उतरत नाही, आणि उतरलाच तर गुळणीत दातांच्या फटींत जाऊन बसतो.

गुळणी

कोमट करून, जेवणानंतर, दिवसातून तीनदा. तोंडात अर्धा मिनिट घोळवा, थुंका. गिळू नका. नंतर साध्या पाण्यानं एकदा चूळ. चार-पाच दिवस पुरेत.

तुरटी, मीठ, हळद, लवंग यांतलं काहीही यात घालू नका. तुरटी तर अजिबात नको, तुरटावर तुरट कशाला? उरलेला काढा फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो. बाहेर ठेवलात तर तिसऱ्या दिवशी वर बुरशीची साय येते, ती काढून खालचा वापरायचा कंजूसपणा करू नका.

कुठे थांबायचं

पोटात घेऊ नका. बद्धकोष्ठ होतो, आणि अन्नातलं लोह अंगी लागत नाही. इथेही तेच, लोखंडाशी याचं जमत नाही. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू असतील तर गोळी आणि गुळणी यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

बाळांना नको. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध आणि बाकी काही नाही, हा डॉक्टरांचा सल्ला मला पटतो. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांशी यावरून माझं वाजलंही आहे. 'आम्ही सगळे गुटीवरच वाढलो' हे खरं आहे, पण सहाणेवर काय काय उगाळलं जायचं आणि सहाण किती स्वच्छ असायची, हेही मला आठवतं.

भाजलेल्या जागी किंवा मोठ्या जखमेवर लावू नका. १९२५ नंतर भाजलेल्या रुग्णांवर टॅनिक ॲसिड लावायची मोठी लाट आली होती. पुढे यकृताला इजा होते हे लक्षात आल्यावर, १९४० च्या दशकात डॉक्टरांनी ते सोडलं. आणि मायफळाची पूड बायकांना 'घट्टपणा' साठी विकणाऱ्यांपासून लांब राहा. तिथल्या नाजूक कातडीचं कोरडं पडणं आणि सोलवटणं याला औषध म्हणत नाहीत.

तोंडातला व्रण दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्ण उघडेनासं झालं, तर मायफळ बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. तंबाखू, गुटखा, मिश्री चालू असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

ज्यांना झाडाची जादू हवी आहे त्यांच्यासाठी

ओकभोवतीच्या कथा मला आवडतात, पण त्यांचा आणि गुळण्यांचा हिशेब मी वेगळा ठेवते. ग्रीसमध्ये दोदोना इथे झ्यूसचा ओक होता, त्याच्या पानांच्या सळसळीतून कौल सांगितला जाई. कोकणात देवाला पाकळ्या लावून कौल घेताना पाहिलेल्या माणसाला यात परकं काही वाटत नाही. ओकवर वीज वारंवार पडते, म्हणून तो अनेक ठिकाणी विजेच्या देवाचा झाला: ग्रीकांचा झ्यूस, उत्तरेकडच्या लोकांचा थॉर, लिथुआनियाचा पेर्कुनास. जर्मनीत गाइस्मार इथे असाच थॉरला, म्हणजे तिकडच्या डोनारला, वाहिलेला ओक ख्रिस्ती धर्मप्रचारक बोनिफेसनं सुमारे ७२३ साली तोडला. इंग्लंडात वीज घरावर पडू नये म्हणून खिडकीत ओकचं फळ ठेवत. पडद्याच्या दोरीच्या टोकाला तसा लाकडी गोंडा अजूनही दिसतो.

रोमन लेखक प्लिनीनं लिहिलंय, की गॉलमधले, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचे, ड्रुइड पुजारी चंद्राच्या सहाव्या दिवशी पांढरी वस्त्रं घालून ओकवर चढत आणि सोन्याच्या विळ्यानं त्याच्यावरचं बांडगूळ कापत. सोनं मऊ, त्यानं बांडगूळ तरी नीट कापलं गेलं असेल का, कोण जाणे. पण सोन्यानं काढा काळा पडत नाही, हे मात्र खरं!

यातली माझी आवडती प्रथा दाढदुखीची. ब्रिटनमध्ये दाढ दुखली की ओकच्या खोडात लोखंडी खिळा ठोकत, म्हणजे दुखणं झाडात जातं. दुखणं किंवा बाधा झाडाला खिळवून टाकायची ही कल्पना आपल्यालाही नवी नाही. फरक इतकाच, की ओकमध्ये खिळा ठोकला की काही दिवसांत त्याच्याभोवती लाकूड निळंकाळं पडतं. ओकचं फर्निचर करणारे सुतार म्हणूनच ओल्या ओकला लोखंडी खिळा लावायला नाखूष असतात. दाढेनं कळवळलेल्या माणसाला तो काळा डाग दिसला असेल, तेव्हा आपलं दुखणं खरंच तिथे उतरलं असं वाटलं असेल. मी तीन काढे काळे केल्यावर मला ते सहज पटतं.

पहिला, कढईतला काढा मी तेव्हा सगळा फेकला नव्हता. वाटीभर उरलेल्या पाण्यात काडी बुडवून मायफळांच्या बरणीसाठी चिठ्ठी लिहिली होती. आधी अक्षरं फिकी होती, दुसऱ्या दिवशी काळी झाली. तीन पावसाळे झाले, बरणीला दोनदा पाणी लागलं, कागदाची कड कुजली. 'मायफळ, लोखंड नको' हे मात्र अजून वाचता येतं.