वाण तेच, मग उतारा का पडला? सोयाबीनमधल्या या चुका टाळा

दसरा झाला की गावात एकच हिशेब चालतो: कोणाला एकरी किती झालं. ज्याचा उतारा जास्त, त्याचं बियाणं पुढच्या साली अर्ध्या शिवारात. सोयाबीनमधली सगळ्यात महागडी चूक माझ्या मते हीच. वाणाचं नाव सगळे विचारतात, ते किती दिवसांत काढणीला येतं हे कोणी विचारत नाही.

जेएस 93-05 साधारण 90-95 दिवसांत येतं, जेएस 335 ला 95-100 लागतात, फुले संगम (केडीएस 726) 105 च्या आसपास जातं. 25 जूनला तिन्ही पेरली, तर लवकरचं वाण ऑगस्टच्या शेवटी शेंगा भरायला लागतं आणि उशिराचं सप्टेंबरमध्ये. ऑगस्टात खंड पडून नंतर पाऊस आला तर उशिराचं सावरतं. सप्टेंबरातच पावसाने दडी मारली तर त्याच वाणाचे मुरमाड रानात दाणे चपटे राहतात. आणि परतीचा पाऊस लवकर झोडपायला लागला, तर काढणीला आलेलं लवकरचं वाण सुडीतच, म्हणजे कापून रचलेल्या ढिगातच, कोंब धरतं. म्हणजे एका वर्षाचा उतारा हा वाणाइतकाच त्या वर्षाच्या पावसाचाही असतो. हलक्या रानात कमी दिवसांचं, भारी काळ्या रानात जास्त दिवसांचं, आणि रान पाच एकरांच्या वर असेल तर दोन वाणं. सगळी अंडी एका टोपलीत ठेवायचं हे पीक नाही.

दुसरी चूक बियाण्याची. 2019 च्या ऑक्टोबरात सोयाबीन भिजलं आणि 2020 च्या खरिपात उगवणीच्या तक्रारींचा ढीग लागला, ते आठवा. पिशवी विकतची असो वा घरची, ओल्या गोणपाटावर दहा ओळींत शंभर दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सातव्या दिवशी धडधाकट कोंब मोजा. 70 निघाले तर एकरी 30 किलो पुरे; 60 निघाले तर 35. त्याखाली असेल तर ते सरळ बाजारात विका. दाण्याचं साल नाजूक असतं, पोतं उंचावरून आपटलं तरी उगवण घटते, हे हमालालाही सांगा.

75-100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि दाणा चार-पाच सेंटिमीटरच्या खाली घालू नका.

पानं पिवळी दिसली की लगेच फवारणीचा पंप पाठीवर घेतात. आधी जवळ जाऊन बघा. कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या, तर ती बहुधा चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या रानातली लोहाची कमतरता. चर काढा, वाफसा आला, म्हणजे जादा पाणी निघून मातीत हवा खेळली, की बरंच सुधारतं. हिरवे-पिवळे विस्कटलेले चट्टे असतील तर पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग. तो पांढऱ्या माशीने पसरतो. तसली झाडं उपटून शिवाराबाहेर न्या. जेएस 335 त्याला लवकर बळी पडतं.

शेवटी तुलनेचं. शेजाऱ्याचे दहा क्विंटल 18 टक्के ओलाव्याचे असतील, तर 12 टक्क्यांवर वाळून ते नऊ क्विंटल बत्तीस किलोच भरतात. आणि त्याचं एकर चाळीस गुंठ्यांचं आहे की त्रेचाळीस, तेही एकदा विचारून घ्या.