शास्त्रज्ञ लेखकाची आवडनिवड आणि मूल्यं पुस्तकातनं कशी शोधायची

फेब्रुवारी आला की सोलापुरातल्या शाळांत विज्ञान दिनाची गडबड सुरू होते, पोरांना 'माझा आवडता शास्त्रज्ञ' लिहून आणायला सांगतात, आणि येतं काय तर जन्म, शिक्षण, पुरस्कारांची यादी आणि शेवटी प्रणाम. त्यात माणूसच सापडत नाही. त्याला काय आवडायचं, कशाला तो ठाम नाही म्हणाला, काय काय सोसून कुठल्या गोष्टीला धरून राहिला, हे कुठंच नसतं. खरं तर जे शास्त्रज्ञ पुस्तकं लिहितात त्यांचं हे शोधणं सगळ्यात सोपं, कारण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेलं असतं. आमच्या वाचन गटात पोरांकडनं कसं करून घेतो ते सांगते, उदाहरण खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांचं घेते कारण मराठीत त्यांच्याइतकं दुसऱ्या शास्त्रज्ञाचं क्वचितच मिळेल.

पहिलं काम, एकाच लेखकाची दोन तऱ्हेची पुस्तकं मिळवा. एक स्वतःबद्दल लिहिलेलं आणि एक गोष्टींचं. नारळीकरांचं आत्मचरित्र 'चार नगरांतले माझे विश्व' (वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे ही ती चार नगरं, २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला आहे) आणि सोबत विज्ञानकथांचा एखादा संग्रह. हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारा, नाहीतर शाळेचं कपाट उघडायला लावा, बरीच चांगली पुस्तकं तिथं कुलपात पडून असतात. दोन तऱ्हेची का म्हणाल तर आत्मचरित्रात माणूस काय घडलं ते सांगतो आणि गोष्टीत त्याला कशाची काळजी वाटते ते नकळत येतं.

दुसरं, एक साधी वही घ्या, पानावर तीन रकाने आखा: काय आवडायचं, काय नाकारलं, कशासाठी त्रास सोसला. प्रत्येक नोंदीपुढं पुस्तकाचं पान लिहायचंच, त्यात सूट नाही. आणि विशेषणाला पूर्ण बंदी! 'साधी राहणी', 'थोर', 'जिज्ञासू' असलं काही लिहिलं की खोडायचं आणि त्याच्या जागी तो माणूस काय करत होता ते लिहायचं. चादर घेताना आपण नुसत्या रंगावर जात नाही, उलटी करून वीण बघतो की नाही, तसंच बघायचं.

आता रकाने कसे भरतात बघा. जिज्ञासू हा शब्द खोडला की काय उरतं? बनारसच्या घरातला फळा उरतो. घरी वडील गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या जाणकार, आणि राहायला आलेले मोरूमामा फळ्यावर गणिताचं एक कोडं लिहून ठेवायचे, वर 'जेव्हीएनसाठी (जयंत विष्णू नारळीकर) आव्हान' अशा अर्थाचं लिहिलेलं, आणि पोरानं सोडवेपर्यंत ते फळ्यावर तसंच राहायचं. एवढा एक प्रसंग लिहिला तरी पोरांना कळतं की या माणसाला अडून बसलेला प्रश्न आवडायचा. आमच्या गटातली पोरं हे वाचून घरच्या दारामागं खडूनं कोडी लिहायला लागलीत, आया वैतागल्यात ते सोडा.

नाकारलं या रकान्यात सगळ्यात चांगलं मिळतं, म्हणून तिथं जास्त वेळ द्या. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही गोष्ट पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हा ते केंब्रिजहून येऊन मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत होते, पद्मभूषण तर १९६५ लाच मिळालेलं, नावावरच गोष्ट छापून आली असती. पण परीक्षकांनी नाव बघू नये, गोष्ट बघावी, हे त्यांना हवं होतं. पोरांना विचारा, तुम्ही असतात तर केलं असतंत का? अर्धा तास वर्ग बोलत राहतो, माझा तरी अनुभव असाच आहे.

सहीचं पण तसंच. मुलं सही मागायची तर ते सांगायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, सहीसकट उत्तर देईन, आणि द्यायचे. म्हणजे नुसती सही नाकारली आणि बदल्यात स्वतःचा वेळ दिला. एकच प्रसंग दोन रकान्यांत जातो, तसा जाऊ द्या.

फलज्योतिषाचा प्रसंग मात्र नीट आकड्यांसकट लिहा, तिथं घाई नको. त्यांना ते पटत नव्हतं हे सगळ्यांना माहिती असतं, पण त्यांनी काय केलं हे फार थोड्यांना. अंधश्रद्धा निर्मूलनवाले नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत त्यांनी २०० मुलांच्या पत्रिका घेतल्या, १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या, आणि कुठली पत्रिका कुठल्या मुलाची ते ज्योतिषांनाच ओळखायला बोलावलं. २७ जणांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली, बरोबर आली सरासरी ४६ टक्के, आणि नाणं उडवून सांगितलं तरी ५० च्या आसपास येतात. २००९ ला 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकात ते छापून आलं. समोरच्याला शिव्या न घालता चाचणीला बोलवायचं, हे मूल्य मला तर फार मोठं वाटतं, आणि आपल्याकडं घरोघरी पत्रिका बघायलेत तोवर पोरांना हे सांगितलंच पाहिजे.

आता अवघड जागा. नारळीकर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉयल यांना विश्व एका महास्फोटातनं सुरू झालं हे मान्य नव्हतं. १९६५ ला पेन्झियस आणि विल्सन यांना सापडलेलं, आकाशात सगळीकडनं येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण जाहीर झालं, ते महास्फोटाची उरलेली खूण मानतात, बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले, तरी १९९३ मध्ये हॉयल, खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज आणि नारळीकरांनी स्थिर विश्वाची (म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही, ते कायमच आहे या मताची) सुधारलेली मांडणी पुढं आणली. हे लिहिताना बरेच शिक्षक एकतर गाळतात किंवा 'जगाला चुकीचं ठरवलं' असं ठोकून देतात. दोन्ही करू नका. आजही बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटच मानतात हे सरळ लिहा, आणि त्याखाली लिहा की हा माणूस अल्पमतात राहून दरवेळी गणित मांडून, पेपर लिहून बोलत राहिला. मत बरोबर निघणं वेगळं आणि मत कसं मांडलं ते वेगळं, आठवीच्या पोरांना हे बरोबर समजतं.

व्हॉट्सअॅपवर फिरणारी सुविचारांची चित्रं वहीत घ्यायची नाहीत, पान क्रमांक नसेल तर ते वाक्य त्या माणसाचं नाहीच असं धरून चालायचं.

लेखक हयात असेल आणि सोलापुरात व्याख्यानाला आला तर आणखी सोपं, फक्त 'विद्यार्थ्यांना संदेश द्या' हे विचारू नका. त्याऐवजी विचारा: तुमचं कुठलं मत पुराव्यामुळं बदललं? कामातला कंटाळवाणा भाग कुठला? कुठलं पुस्तक परत परत काढून वाचता? या तीन प्रश्नांवर माणूस मोकळा होतो, उत्तरं जशीच्या तशी त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या.

शेवटी वहीतनं एकच पान तयार करायचं, पाठपोट पण नको. त्यात जन्मतारीख, पदव्या, पुरस्कार काही नाही, फक्त पाच-सहा प्रसंग. नाव झाकून वर्गात वाचायचं आणि हा माणूस कसा आहे, याला आपल्या घरी जेवायला बोलवलं तर काय बोलेल, कशावर वाद घालेल ते पोरांना सांगायला लावायचं. त्यांना सांगता आलं तर पान जमलं, नुसतंच 'फार हुशार होते' एवढं आलं तर वही उघडा आणि नाकारलं या रकान्यातनं अजून दोन प्रसंग घाला.