पॉपओव्हर: नावातच दडलेली कृती

पॉपओव्हर हे अंडी, दूध आणि मैद्याच्या घोळातून फुगणाऱ्या पोकळ पावाचं अमेरिकी नाव. ‘पॉप’ म्हणजे टुणकन उसळणं, ‘ओव्हर’ म्हणजे काठावरून. पातळ घोळ ओव्हनमध्ये फुगून साच्याच्या काठावर चढतो, म्हणून पॉपओव्हर. १८५०च्या सुमारास हा शब्द अमेरिकेत लिहिलेला सापडतो. पूर्वज मात्र इंग्लंडचं यॉर्कशर पुडिंग, तशाच घोळाचा खारा पदार्थ. ते भाजत्या मांसाच्या गळलेल्या चरबीत शिजवत. अमेरिकेत चरबीच्या जागी लोणी आलं. मेन राज्यातल्या जॉर्डन पाँड हाउसमध्ये गरम पॉपओव्हर लोणी आणि स्ट्रॉबेरी जॅमबरोबर मिळतात.

दिसतो मफिनसारखा, पण जातकुळी पुरीची. मफिनला बेकिंग पावडर लागते. हा निव्वळ वाफेवर फुगतो आणि आतून पोकळ राहतो. म्हणून सगळं लक्ष उष्णतेकडे द्यायचं.

सहा नगांसाठी ३ अंडी, २४० मिली कोमट दूध, १२५ ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ, १ मोठा चमचा पातळ केलेलं लोणी. अंडी फेटून त्यात दूध आणि लोणी घाला, मग चाळलेला मैदा आणि मीठ. घोळ ताकापेक्षा दाट, भज्यांच्या पिठापेक्षा पातळ हवा. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील. अर्धा तास झाकून ठेवा.

ओव्हन २३० अंशांवर तापवा, साचेही आतच ठेवून. खोल साचेच घ्या. पसरट साच्यात घोळ उभा चढत नाही. तापलेल्या साच्यात अर्धा-अर्धा चमचा तूप सोडा (लोणी इथे करपतं) आणि निम्म्याहून किंचित वर घोळ भरा. २० मिनिटं २३० अंशांवर, पुढे १५ मिनिटं १७५ वर. या वेळात दार उघडायचं नाही: गार हवा शिरली की वाफ निवते आणि ओल्या भिंती खचतात.

फुगलेच नाहीत, तर साचे किंवा दूध गार होतं. बाहेर काढल्यावर बसले, तर भाजणी कमी पडली. सोनेरी रंगावर भुलू नका, गडद तपकिरी होऊ द्या. अंड्याशिवाय मात्र जमत नाही, कारण वाफ कोंडून धरणारी भिंत अंड्याचीच असते. छोट्या ओटीजीमध्ये खालचा कप्पा वापरा, नाहीतर चढलेला माथा वरच्या कॉइलला टेकून जळतो.

काढल्याबरोबर प्रत्येकाला सुरीच्या टोकाने भोक पाडा. आतली वाफ निघून गेली की कवच कुरकुरीत राहतं.