हायस्कूलच्या ट्रॅक संघात जाताना या चुका टाळा

मार्च महिन्यात, न्यू जर्सीतल्या मैदानांवरचा बर्फ अजून पुरता वितळलेलाही नसतो, तेव्हा हायस्कूलांचा मैदानी ट्रॅकचा, म्हणजे धावणे, उड्या आणि फेकीच्या खेळांचा, हंगाम सुरू होतो, आणि दरवर्षी आपल्या मराठी घरांतली, आजवर कोणताही खेळ संघातून न खेळलेली कितीतरी मुले-मुली त्यात पहिल्यांदा नाव घालतात. बहुतेक शाळांत या खेळासाठी निवडचाचणी घेऊन मुलांना वगळण्याची पद्धत नसल्यामुळे नवख्या मुलाला संघात शिरण्याची ही सर्वांत सोपी वाट आहे. तरीही एप्रिल संपेपर्यंत त्यांतली बरीच मुले गळालेली दिसतात. माझ्या दोन्ही मुलांच्या हंगामांत मैदानाच्या कडेला उभे राहून जे पाहिले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की वेग कमी पडला म्हणून संघ सोडणारी मुले थोडी असतात. पहिल्या तीन-चार आठवड्यांत झालेल्या, आणि सहज टाळता आल्या असत्या अशा चुकांमुळे सोडणारी पुष्कळ असतात.

कागदपत्रांचा घोळ

पहिली चूक पालकांची असते. सप्टेंबरात शाळा सुरू होताना मुलाची वैद्यकीय तपासणी झाली म्हणजे काम झाले, असे समजून आपण स्वस्थ राहतो. न्यू जर्सीत सरावाच्या पहिल्या दिवसाआधीच्या 365 दिवसांत झालेली तपासणीच ग्राह्य धरतात आणि तिला 90 दिवसांहून अधिक काळ लोटला असेल, तर प्रकृतीविषयी आणखी एक अर्ज पालकांना भरून द्यावा लागतो. तपासणी करणाऱ्या डॉक्टरने खेळाडू विद्यार्थ्यांच्या हृदयतपासणीविषयीचा ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण केलेला असणेही आवश्यक असते, तेव्हा वेळ ठरवतानाच दवाखान्यात तसे विचारून घ्यावे. सगळे कागद शाळेकडे गेल्यावरही मंजुरीला काही दिवस लागतात. हे काम जानेवारीअखेर उरकले नाही, तर बाकीची मुले पळत असताना आपले मूल पहिला आठवडा कट्ट्यावर बसून काढते.

तपासणीच्या वेळी प्रकृतीच्या इतिहासाचा जो अर्ज भरायचा असतो, त्यातल्या एका प्रश्नाचे उत्तर आपल्या घरांत फार वेळा दडपले जाते. कुटुंबात कोणाचा वयाच्या पस्तिशीआधी हृदयविकाराने किंवा कारण न कळता अचानक मृत्यू झाला आहे का, असा तो प्रश्न आहे. ‘खरे लिहिले तर खेळूच देणार नाहीत’ या भीतीने एखाद्या काकांचा किंवा मामांचा उल्लेख गाळला जातो. असे कृपा करून करू नका. खरे उत्तर दिल्यावर बहुधा ईसीजी काढायला किंवा हृदयरोगतज्ज्ञांना भेटायला सांगतात, आणि ते मुलाच्याच भल्याचे असते. आपल्याला नक्की ठाऊक नसेल, तर भारतात फोन करून घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. पळताना मुलाला कधी घेरी आली असेल किंवा छातीत दुखले असेल, तर तेही लिहावे. दम्याच्या मुलांसाठी इनहेलर जवळ बाळगण्याचे परवानगीपत्र याच वेळी द्यावे, कारण एप्रिल-मेमध्ये इथल्या हवेत परागकणांचा कहर असतो.

भारतातून नुकत्याच आलेल्या मुलाच्या बाबतीत शाळेच्या क्रीडा संचालकांना आधीच भेटलेले बरे. 1 सप्टेंबरपूर्वी वयाची 19 वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी या राज्यात हायस्कूलच्या संघातून खेळू शकत नाही.

उत्साह आणि नडग्या

सर्वाधिक नुकसान होते ते पहिल्या पंधरवड्यात. हिवाळाभर अभ्यासाच्या खुर्चीत बसलेला चौदा वर्षांचा मुलगा पहिल्याच दिवशी तीन वर्षे मुरलेल्या सीनियर मुलांबरोबर राहायला बघतो, आठवडाभर नेटाने राहतोही, आणि दुसऱ्या आठवड्यात जिने उतरताना लंगडू लागतो. दम आणि स्नायू तुलनेने लवकर तयार होतात, हाडांना आणि स्नायुबंधांना जास्त वेळ लागतो. म्हणून ‘मला तर अजून पळवते’ ही भावना या वयात फसवी ठरते. यावरचा उपाय हंगामाच्या आधीच करायचा असतो. जानेवारीच्या मध्यापासून आठवड्यातून तीन-चार दिवस, शेजारी पळणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने, वीस मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवत नेलेले पळणे नवख्याला पुरेसे आहे.

एवढे करूनही नडगी दुखू लागली, तर दुखण्याची जात ओळखायला शिकावे. दुखणे नडगीच्या आतल्या कडेला बऱ्याच लांबीवर पसरलेले असेल आणि अंग तापल्यावर जरा कमी होत असेल, तर ते बहुधा शिन स्प्लिंट असते. चार-आठ दिवस पळणे कमी करून आणि त्याऐवजी सायकल किंवा पोहणे ठेवून ते पुष्कळदा आटोक्यात येते. मात्र बोटाच्या टोकाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, चालताना किंवा रात्री अंथरुणातही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका धरून पळणे त्याच दिवशी थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. आपली मुले दुखणे लपवतात. कोच संघातून काढतील असे त्यांना वाटते, आणि घरी सांगितले तर आई खेळच बंद करील असेही वाटते. शाळेत ॲथलेटिक ट्रेनर असतो. त्याचे काम प्रशिक्षकाहून वेगळे, दुखापती पाहण्याचे असते. पहिल्या आठवड्यातच मुलाने त्याच्याकडे जाऊन आपली ओळख करून द्यावी, असे मी प्रत्येक पालकाला आग्रहाने सांगते.

बुटांविषयी थोडक्यात सांगायचे, तर आधी रोजच्या सरावाचे, पळण्यासाठीच बनवलेले चांगले बूट घ्यावेत आणि बास्केटबॉलचे बूट घालून मुळीच पाठवू नये. स्पाइक्सची, म्हणजे तळाला खिळे असलेल्या शर्यतीच्या बुटांची, खरेदी मुलाचा क्रीडाप्रकार ठरेपर्यंत थांबवावी, कारण कमी अंतराच्या आणि लांब अंतराच्या शर्यतींचे स्पाइक्स निराळे असतात. त्यांचे खिळे पाव इंचाहून लांब नसावेत, असा नियम अनेक ट्रॅकवर असतो.

शाकाहारी घरांतल्या, लांब अंतर पळणाऱ्या मुलींबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. सराव नीट चालू असताना वेळ सुधारण्याऐवजी बिघडत जाते, जिन्यात धाप लागते, झोप पुरत नाही, आणि प्रशिक्षक व पालक दोघेही ‘मेहनत कमी पडते आहे’ असे म्हणू लागतात. अशा वेळी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासून घ्यावे, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुरू करू नयेत. लोह जास्त झाले तर तेही अपायकारक असते.

सगळ्यांनाच शंभर मीटर हवी असते

नवखी मुले शंभर आणि दोनशे मीटरच्या रांगेत गर्दी करतात, आणि तिथे जागा न मिळाल्यावर आपल्यात गुणच नाही असे समजतात. त्याच वेळी अडथळ्यांच्या शर्यती, तिहेरी उडी, बांबू उडी आणि थाळीफेक यांसाठी प्रशिक्षक मुले शोधत असतात. पहिल्या दोन आठवड्यांत निदान तीन प्रकार करून पाहावेत आणि ‘संघात कुठे माणूस कमी आहे?’ असे प्रशिक्षकांना सरळ विचारावे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यानंतर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या लांब शर्यतीकडे, वळला आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले. उलट, इथल्याच युनियन कॅथलिक हायस्कूलची सिडनी मॅकलॉफ्लिन शाळेत असतानाच 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत धावली. आपला प्रकार सापडण्याचे वय प्रत्येकाचे वेगळे असते. नीरज चोप्राला पाहून भाला उचलावासा वाटणाऱ्या मुलांनी एवढे लक्षात घ्यावे की न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात हायस्कूल स्तरावर भालाफेक असली, तरी अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ती नाही.

वेळांच्या बाबतीतही एक गैरसमज मुलांना विनाकारण खचवतो. सरावात हाताच्या घड्याळावर 12.6 सेकंद आलेली शर्यत मीटमध्ये, म्हणजे शाळांच्या स्पर्धेत, 12.9 दाखवते आणि मूल हिरमुसते. घड्याळ दाबणाऱ्या माणसाला पिस्तुलाचा इशारा कळून बोट हलवायला क्षण लागतो, म्हणून हाताने घेतलेली वेळ कमी दिसते. स्वयंचलित यंत्राशी तुलना करताना तिच्यात 0.24 सेकंद मिळवण्याची रूढ पद्धत आहे. मूल मंदावलेले नसते.

मीटचा दिवस आणि घरचे वेळापत्रक

इथल्या शाळांत जेवणाची सुट्टी पुष्कळदा अकराच्या आसपास असते आणि मीट दुपारी चारला सुरू होते. मधल्या पाच तासांत काही न खाल्लेले मूल चारशे मीटरच्या शेवटच्या वळणावर ढेपाळते. शर्यतीच्या दोन-अडीच तास आधी खाता येईल असे साधे, कमी तेलाचे काहीतरी, म्हणजे पोहे, केळे किंवा तूप-साखर लावलेली पोळी, डब्यात वेगळे द्यावे. त्या दिवशी घरात उपास असला, तरी तो मुलाने करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

इशाऱ्याआधी एकदा जरी हालचाल झाली तरी धावपटू बाद होतो, हे मुलाला पहिल्या मीटआधी सांगून ठेवावे. रिलेत असलेल्या मुलाने सरावाला दांडी मारली, तर बॅटन देण्या-घेण्याचा सराव उरलेल्या तिघांचाही बुडतो.

याच कारणाने घरचे वेळापत्रक हंगामाआधी मांडावे लागते. आमंत्रितांच्या मोठ्या मीट शनिवारी असतात आणि दिवसभर चालतात. गाण्याचा किंवा नृत्याचा क्लास त्याच वेळी असतो. एपी परीक्षा (हायस्कूलमध्ये घेतलेल्या कॉलेज पातळीच्या विषयांच्या) मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत येतात, आणि काउंटीच्या स्पर्धाही मे महिन्यातच येतात. भारताची तिकिटे काढताना आपण जूनचा पहिला आठवडा स्वस्त पडतो म्हणून निवडतो, पण राज्यस्तराकडे नेणाऱ्या स्पर्धा नेमक्या त्याच सुमारास असतात. ज्या तारखा चुकणार आहेत, त्या मुलाने स्वतः मार्चमध्येच लिहून प्रशिक्षकांच्या हातात द्याव्यात. रिलेचा चौथा माणूस शोधायला त्यांना तेवढा अवधी लागतो.