पोरगं "चोर" ऐकून घरी आलं तर

माझं घर सोलापूरच्या सेटलमेंटमधलं, म्हणजे इंग्रजांनी आमच्यासारख्या जमातींना कोंडून ठेवलेल्या वस्तीतलं. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी आमच्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. आजोबांना तारेच्या कुंपणाआत हजेरी द्यावी लागायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला आम्ही विमुक्त झालो. संशय मात्र गेला नाही.

परवा दुकानात सगळ्यांसमोर फक्त माझ्या लेकाचं दप्तर उपसलं. घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून निजला, हातात वहीचं फाटकं पान घट्ट धरून. अशा वेळी "सोडून दे रे" म्हणू नका. त्यानं पोर एकटं पडतं. विड्या वळायचं सूप बाजूला ठेवा, शेजारी बसा, पाणी द्या. बोलला तर मधे तोडू नका, नाही बोलला तरी उठू नका. मग स्पष्ट सांगा, "चूक तुझी नाही." आजोबांची हजेरीची गोष्टही सांगा, अपमान कुठून येतो हे कळलं की पोर स्वतःला दोष देत नाही.

तारीख, जागा, शब्द वहीत लिहून ठेवा, तक्रारीला लागतात.

झोप, जेवण, शाळा दोन आठवडे बिघडलेलीच राहिली तर १४४१६ ला फोन करा. टेलि-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, रात्रीही चालतं, मराठीत बोलता येतं. मरणाची भाषा आली तर मात्र एक दिवसही थांबू नका, त्याला एकटं सोडू नका, लगेच सिव्हिल गाठा.